खांद्याची शिवण

जासईच्या जयदेव घरतला बायकोनं भाचीच्या लग्नासाठी कपडे घ्यायला वाशीला धाडलं, आणि हा बाबा चामड्याच्या जाकिटांच्या दुकानात शिरला. एप्रिल महिना. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, माणसं उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावली शोधत होती. आणि हा काउंटरवर दोन्ही पंजे टेकून विचारतोय, "सगल्यात जारं कातरं कंचं हाय?" म्हणजे सगळ्यात जाडं कातडं.

काउंटरमागं हेतल नावाची गुजराती पोरगी होती, वाशीतच वाढलेली. पंजे बघून ती जरा मागंच सरकली. हात नव्हतेच ते, वल्ह्याची पाती होती दोन. बोटांच्या सांध्यांवर जुन्या जखमांचे पांढरे गोळे.

"काका, बाईकसाठी पायजे का?"

"लग्नासाठी."

"कोणाच्या?"

"भाचीच्या. हालदीला घालाचंय."

हेतलनं हसू दाबलं आणि एक तपकिरी जाकीट पुढं केलं. "मग हे बघा. मेंढीचं आहे, लोण्यासारखं. अंगाला बसतं मस्त. तुम्ही हिरो दिसाल."

जयदेवनं जाकिटाची बाही चिमटीत धरून अंगठ्याचं नख दाबलं. नखाचा वण उठला. त्यानं जाकीट परत केलं. "ह्ये तं सुपारीच्या अरकित्त्यानं पन फाटंल."

"पण फाडणार कोण आहे, काका?"

फाडणारा होता. त्याचं नाव कल्पेश, राहणार तळवली, आणि लग्नघर त्याच्या दारापासून चार घरांवर होतं.

आता जाकिटाची गोष्ट कळायची तर आधी जयदेवच्या हातांची ऐकायला हवी.

त्याचा बाप मिठागरावर कामाला होता. दिवसभर खारं पाणी आणि ऊन खाऊन घरी यायचा आणि ते सगळं पोराच्या पाठीवर ओतायचा. ओल्या दोरानं मारायचा. दोराला मीठ असायचं, त्यामुळं वळ उठला की वर आग वेगळी. जयदेव तेरा वर्षांचा असताना एके दिवशी त्यानं वरच्यावर दोर पकडला, ओढला आणि बापाच्या नाकावर कपाळ मारलं. नाकाचं हाड मोडलं. त्या दिवसापासून बाप त्याला 'जयदेव' म्हणायला लागला. त्याआधी नुसता 'ए' म्हणायचा. आपल्याला नाव कसं मिळालं, हे पोरानं तेव्हापासून ध्यानात ठेवलं.

पुढं बंदर आलं, जमिनी गेल्या, शेतांच्या जागी कंटेनरचे यार्ड उभे राहिले. जयदेवनं डंपर घेतला. यार्डात भांडायला कारण लागत नाही. गाडी पुढं घेतली म्हणून, आरसा घासला म्हणून, नुसतं बघितलं म्हणून. जयदेवच्या हातानं किती जणांचे दात पडले याची मोजदाद त्यालाही नव्हती. एकदा एकाचा दात त्याच्याच मुठीत रुतून बसला होता, तो चिमट्यानं काढावा लागला. संध्या लग्न होऊन या घरात आली, तर पहिल्याच आठवड्यात सासूनं तिला शिकवलं, शर्टावरचं रक्त गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यानं डाग बसतो. माहेरी तिला तांदळाच्या भाकऱ्या शिकवल्या होत्या. इथं हे.

त्याची एकच बहीण, सगुणा. तिला तळवलीत दिली होती, शिवा पाटलाच्या घरी. शिवाचा चुलतभाऊ दिलीप. जयदेव आणि दिलीप यांची अशी गट्टी, की लोक म्हणायचे, बहिणीपेक्षा हा दिलीपलाच भेटायला येतो. दोघांचे डंपर एका रांगेत लागायचे, दोघं एका डब्यात जेवायचे. बोंबील आवडायचे दोघांना, त्यामुळं शेवटच्या तुकड्यावरून भांडायचे तेवढंच.

अकरा वर्षांमागं उलव्याला मातीच्या भरावाचं काम चाललं होतं. भर दुपारी रांगेत दिलीपनं डंपर दोन गाड्या पुढं काढला. जयदेव शिव्या देत खाली उतरला. दिलीपही उतरला. हसत हसत सुरू झालेलं, बघता बघता आईवर गेलं. दिलीप जयदेवच्या आईबद्दल काहीतरी बोलला. जयदेवनं सीटखालची टामी ओढली, चाकाचे नट खोलायची ती लोखंडी दांडी, आणि दिलीपच्या गुडघ्यावर घातली. दिलीप खाली पडला. पडल्यावर जयदेवनं त्याच गुडघ्यावर दुसरा घातला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

पहिला वार रागाचा होता. दुसरा कशाचा होता, हे जयदेवला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

दिलीपचा पाय तेव्हापासून वाकत नाही. बसला तरी समोर सरळ, ओंडक्यासारखा. त्याचा धाकटा भाऊ कल्पेश तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्यानं गावदेवीच्या पायरीवर हात आपटून सांगितलं, जासईवाल्यानं तळवलीत पाय ठेवला तर मुंडकं खाली ठेवून जाईल. नुसतं बोलला नाही तो. दोन वर्षांमागं उलव्यालाच चहाच्या टपरीवर त्यानं मागून येऊन जयदेवच्या पाठीत कोयता ओढला. एकोणीस टाके पडले. जयदेवनं त्याच रक्तात उभं राहून टपरीचा बाकडा उचलला आणि कल्पेशच्या तीन बरगड्या मोडल्या. पोलिसात कुणीच गेलं नाही. दोघांनी आपापली दुखणी घरी नेली.

सगुणाचं मात्र मधल्या मध्ये भरीत झालं. अकरा वर्षं भाऊ दारात आला नाही. भाऊबीजेला जयदेव घणसोलीच्या पुलाखाली गाडी उभी करायचा, सगुणा ताट घेऊन चालत यायची, पुढच्या सीटवर बसून ओवाळायची. एसीच्या वाऱ्यानं निरांजन विझायचं. "बंद कर रं तो पंका," ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी रडायची.

आता तिच्या पोरीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. सगुणा जासईला आली, पाणीसुद्धा न घेता ओट्यावर बसली.

"दादूस, मामा पायजेल."

"येतंय की."

"नुसता येऊन भागाचं नाय. रीत म्हाईत हाय ना तुना?"

माहीत होती. शिवाच्या घरची रीत अशी, की धवलारीण हळदीचा धवला गायला बसली, की मामानं भाचीच्या मागं उभं राहून उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवायचा. गाणं संपेपर्यंत उचलायचा नाही. हात उठला तर पोर सासरी बिनपाठीची जाते, असं म्हाताऱ्या म्हणतात. उन्नती बी.कॉम. झालेली, बँकेत कामाला, पण तीही मामाला फोनवर म्हणाली होती, "मामा, बाकी काही नको. हात ठेव."

सगुणानं भावाचा उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला. "ह्यो उठला, का कोनावर तरी परतंय. लान असल्यापासना बगतंय मी. ह्या टायमाला उठाचा नाय. कोन काय बी बोलूदे, कोन काय बी करूदे. शपथ घे."

"आनि तो कल्पेश आला तं?"

सगुणानं पंजा आणखी घट्ट धरला.

जयदेवनं शपथ घेतली. आणि मग रात्रंदिवस एकच विचार करू लागला. मारायचं नाही असं ठरल्यावर उरतं ते मार खाणं. ही तयारी त्यानं जन्मात कधी केली नव्हती. तेव्हा त्याला यार्डातला एक हरयाणाचा ड्रायव्हर आठवला. थंडीत चामड्याचं जाकीट घालून आला होता, जुगारावरून त्याला कुणी तरी सुरा मारला. सुरा वाकला. ड्रायव्हर उठून चहा प्यायला गेला. जयदेवनं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणून वाशी.

हेतलनं शेवटी आतून एक काळं धूड आणलं. "हे म्हशीचं आहे. पण काका, हे खूप जड आहे, आणि आपल्याकडं गरमी..."

नख दाबलं. वण उठला नाही. जयदेवच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "ह्ये दे."

"असं नाही घ्यायचं. आधी घाला. जाकीट घेताना सगळ्यात आधी खांदा बघायचा." तिनं त्याला आरशासमोर उभं केलं आणि मागून खांदे चाचपले. "ही शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली पायजे. खाली उतरली तर जाकीट दुसऱ्याचं वाटतं. लांबी नंतर कमी करता येते, खांदा नाही करता येत. आता चेन लावा. दोन्ही हात वर करा."

जयदेवनं हात वर केले.

"पाठ उघडी पडली का? नाही ना? मग बरोबर."

पाठ उघडी पडत नाही हे ऐकून जयदेवला इतकं समाधान झालं, की त्यानं तीन वेळा हात वर केले. मग बसून बघितलं, वाकून बघितलं, आणि शेवटी एकदा मोकळ्या हवेत गुद्दा मारून बघितला. हेतल दोन पावलं मागं गेली.

"काका, तुम्ही नक्की हळदीलाच चाललाय ना?"

"मामा हाय मी," जयदेव गंभीरपणे म्हणाला.

हेतलला हे उत्तर पटलं असावं. तिनं पुढचं शिकवलं. आत साधा पांढरा शर्ट घालायचा, रंगीत नाही. गळ्यातली जाडी साखळी काढून ठेवायची, चामड्यावर सोनं पिवळं धम्मक दिसतं. आणि नवं चामडं कडक असतं, रोज थोडा वेळ अंगावर ठेवायचं, मग ते अंगाचं होतं.

जयदेवनं आठ दिवस घरात जाकीट घातलं. घामाच्या धारा लागायच्या. संध्या म्हणाली, "लगीन तिचं, आंघोल तुमची." नवव्या दिवशी त्यानं तांदळाच्या गोणीला जाकीट घातलं, चेन लावली आणि अंगणात कोयत्यानं सहा वार केले. कातड्यावर ओरखडे उठले, तांदळाचा दाणा सांडला नाही. "लोकं जाकीट इस्त्री करून बगतान," संध्या दारातून म्हणाली, "ह्यांचं येगलंच." पण बोलताना तिचा आवाज फाटला होता. तीही त्या गोणीकडं बघत होती आणि गोणीत तिला कोण दिसत होतं ते सांगायला नको.

अंगणातली ही गंमत चार शेजाऱ्यांनी बघितली. शेजाऱ्यांचे नातेवाईक तळवलीत. दोन दिवसांत कल्पेशला कळलं, की जयदेव काळ्या चामड्याच्या जाकिटात येतोय. कल्पेशनं ते नीट ऐकून घेतलं आणि कोयत्याला धार लावून आणली.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला जयदेव संध्याला घेऊन तळवलीत उतरला. शिवाच्या चार मजली बिल्डिंगसमोर पत्र्याचा मांडव, झेंडूच्या माळा, आणि जिकडं तिकडं पिवळंच पिवळं. साड्या पिवळ्या, कुर्ते पिवळे, म्हाताऱ्यांच्या टोप्या पिवळ्या. त्यात हा एकटा काळा.

अंगानं जाकिटात बंद, पण रीतीला पक्का. हळदीच्या पाटापाशी चामडं चालत नाही हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून जयदेवनं बूट गाडीतच काढले होते. कमरेचा पट्टासुद्धा काढून पँट सुतळीनं बांधली होती. अनवाणी, सुतळी बांधलेला, वर म्हशीचं जाकीट. असा तो मांडवात शिरला.

मांडवाच्या तोंडाशी दिलीप खुर्चीवर बसला होता, पाय समोर सरळ. अकरा वर्षांनी दोघांची नजर भिडली. दिलीपनं काठी उचलली नाही, पाय बाजूला घेतला नाही. जयदेव पायाला वळसा घालून आत गेला. कल्पेश कुठं दिसत नव्हता.

पाटावर उन्नती बसली होती. शेजारी धवलारीण बायजाबाई. वय ऐंशीच्या पुढं, एक डोळा गेलेला, पण तळवलीतली एकही हळद तिच्या गळ्याशिवाय लागत नाही. जयदेव उन्नतीच्या मागं उभा राहिला. बायजाबाईनं उरलेला डोळा वर केला.

"ह्ये काय घातलंस, पोरा?"

"जाकीट, आजी."

"कश्याचं?"

जयदेवचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आत्ता त्याच्या डोक्यात उजेड पडला. नख दाबून बघितलं, कोयता घालून बघितला, हात वर करून बघितले, पण हे चामडं आहे हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या लेखी ते चिलखत होतं.

"म्हशीचं," तो हळूच म्हणाला.

"पट्टा काढलास, आनि अख्खी म्हैस घालून आलास?"

मांडवात हशा पिकला. जयदेवनं बहिणीकडं बघितलं. सगुणा हसत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या पाठीवरचे एकोणीस टाके होते. तिचे ओठ हलले, पण 'राहूदे' असं तिला म्हणता येईना. पोरीची हळद होती.

जयदेवनं चेन खाली ओढली. जाकीट काढून संध्याच्या हातात दिलं. आतला पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, त्यातून तो लांब वण सरळ दिसत होता. मांडवातला हशा थांबला.

"वयनी, दे इकरं," दिलीप खुर्चीतून म्हणाला.

संध्यानं नवऱ्याकडं बघितलं. दिलीपनं हात लांब करून जाकीट घेतलं, उलटसुलट केलं, कोयत्याच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"ह्याच्या भरवशावर आयलास?"

"होय," जयदेव म्हणाला. खोटं कशाला बोलायचं.

"उलव्याला माज्या गुरघ्यावर ह्ये असतं तं?"

दिलीपनं बसल्या बसल्या जाकीट अंगात चढवलं, गळ्यापर्यंत चेन लावली. "कसा दिसतंय?"

"भंगारवाल्यासारका!" कुणी बाई मागून ओरडली.

"मंग मीच घालून बसतंय. पाय घेतलास माजा, ह्ये मी घेतलं," दिलीप म्हणाला, आणि खुर्ची फिरवून मांडवाच्या तोंडाकडं पाठ केली, हळद नीट दिसावी म्हणून. काठी खुर्चीखाली सरकवली. त्या बोलण्यात खार होता, पण बोंबलाच्या तुकड्यावरून भांडताना असायचं तसलंही काहीतरी होतं. जयदेवला ते ओळखू आलं.

बायजाबाईनं खाकरून धवला उचलला. जयदेवचा उजवा हात उन्नतीच्या खांद्यावर टेकला. बायका हळद लावू लागल्या.

तेवढ्यात जनरेटरच्या बाजूनं कल्पेश आला. केळीच्या पानांच्या जुडग्यात कोयता होता. सकाळपासून त्यानं काय काय प्यायलं होतं कोण जाणे. मांडवात सगळं पिवळं, आणि एकच काळी पाठ, तीही त्याच्याकडं. त्यानं तोंड बघितलं नाही. अकरा वर्षं ज्याच्या नावानं दात खाल्ले त्याचं तोंड बघायला कोण थांबतो.

पहिला वार मानेच्या नि खांद्याच्या मधे बसला. हाड मोडल्याचा आवाज धवल्याच्या वर ऐकू आला. दिलीप खुर्चीसकट उपडा पडला, तोंड जाजमात. दुसरा वार पाठीवर. कातड्यानं तो धरला, पण श्वास कोंडला. दिलीपला ओरडता येईना. बायका किंचाळत मागं सरल्या, हळदीचं ताट उलटलं, पोरं खुर्च्यांखाली शिरली. कल्पेशनं पाठीवर पाय दिला आणि मानेवर घालायला कोयता वर नेला.

जयदेव हे सगळं सहा पावलांवरून बघत होता. हात भाचीच्या खांद्यावर. धवला चालूच होता, बायजाबाईचा तो एक डोळा मिटलेला. शपथ होती. कोन काय बी करूदे. आणि कापला जात होता तो दिलीप, ज्याचा गुडघा याच हातानं फोडला होता.

धवल्याची एक ओळ गेली. मग हात उठला.

सहा पावलं त्यानं तीनात टाकली. खाली येणारा कोयता त्यानं उघड्या पंजात धरला. पातं बोटांत शिरलं, हाडापर्यंत गेलं, आणि तिथं थांबलं. डाव्या हातानं त्यानं कल्पेशची मान धरली. सगळी तळवली वाट बघत होती, आता हा याची मान मोडणार. मान हातात होती, कोंबड्याएवढी. जयदेवनं ती खाली वाकवली, पार जाजमापर्यंत.

"बग. कोन हाय तं बग."

कल्पेशनं बघितलं. काळ्या कॉलरच्या वर त्याच्या भावाचं तोंड, दातांत जाजमाचे धागे, डोळे उघडे. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. कोयता आपोआप सुटला.

मारामारी इथं संपली असती, पण सगुणा राहिली होती. जिनं जन्मभर दुसऱ्याला मारू नको म्हणून सांगितलं तिनं कोपऱ्यातलं हळद कुटायचं मुसळ उचललं आणि दोन्ही हातांनी कल्पेशच्या पाठीत घातलं. तो आडवा झाला. पुलाखालच्या अकरा भाऊबीजा होत्या त्या एका घावात. आणि तिनं मुसळ परत वर नेलं, आता डोक्यावर.

जयदेवनं रक्ताळल्या हातानं मुसळ वरच्यावर धरलं.

"सगुना, दुसरा नको."

"सोर, दादूस!"

"पयला चालतंय. दुसरा नको. मना म्हाईत हाय दुसरा."

मुसळावरून त्याचं रक्त सगुणाच्या मनगटांवर उतरलं. तिनं मुसळ सोडलं आणि खाली बसली. जाजमावरून दिलीप एका डोळ्यानं जयदेवकडं बघत होता. त्यानं ते ऐकलं होतं. अकरा वर्षांत त्याला कुणी एवढं सांगितलं नव्हतं.

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की गाणं थांबलेलं नाही. बायजाबाई गातच होती. धवला संपायला आला होता, तर तिनं त्यात माहेरचं झाड घातलं, विहीर घातली, गोठ्यातली गाय घातली, मामाच्या गाडीची चाकंसुद्धा घातली. जन्मात कुणी ऐकला नव्हता इतका लांब धवला. गाता गाताच तिनं हातानं जयदेवला खुणावलं. तो आला. तिनं पाटावरची मूठभर ओली हळद घेतली आणि त्याच्या पंजात दाबून भरली. जयदेवच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण रक्त दबलं. संध्यानं वर आपला पदर फाडून बांधला.

"धवला अजून सरला नाय," बायजाबाई दोन ओळींच्या मधे म्हणाली. "ठेव हात. डावा चालंल."

उन्नतीनं मागं न बघता मामाचा डावा हात ओढून आपल्या खांद्यावर घेतला आणि वरून गच्च धरून ठेवला. मगच बायजाबाईनं गाणं संपवलं.

दवाखान्यात दोघांना एकाच रिक्षेतून नेलं. रिक्षा कल्पेश चालवत होता. रडत रडत, सिग्नल तोडत. पोलीस आले तेव्हा दिलीप पलंगावरून म्हणाला, "मांडवाचा पत्रा परला." जयदेवला विचारलं, तोही म्हणाला पत्रा. हवालदारानं दोन्ही जखमा बघितल्या. "एकाच पत्र्यानं दोघं?"

"मोटा पत्रा व्हता, साहेब," दिलीप म्हणाला.

उन्नतीचं लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. जयदेवची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यानंतर वळली नाहीत. शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरनं व्यायाम दिला, रबराचा चेंडू दाबायचा. तो दाबतो, पण मूठ होत नाही. दोन बोटं नेहमी बाहेर राहतात, कुणाला तरी बोलावल्यासारखी. यार्डात पोरं अजून त्याला बघून रस्ता देतात, त्यांना ठाऊक नाही. संध्याला ठाऊक आहे. ती आता शर्ट गरम पाण्यात भिजवते.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी जासईला दारात रिक्षा थांबली. काठी आधी बाहेर आली, मग सरळ पाय, मग दिलीप. जाकीट घातलेला. फाटलेल्या जागी चपला शिवणाऱ्याकडून मेणाच्या दोऱ्यानं जाडे टाके घालून घेतले होते. रिक्षात पुढं कल्पेश बसलेला, मान खाली. तो उतरला नाही. संध्यानं त्याला पाणी मात्र रिक्षात नेऊन दिलं.

"अरे, उकारतंय किती! काढ तं," जयदेव म्हणाला.

"का? माजं हाय." दिलीप ओट्यावर बसला. संध्यानं सुक्या बोंबलांचं ताट आणून मधे ठेवलं.

डाव्या बाजूला जाकीट ओघळलं होतं.

"ह्ये तुना बसत नाय," जयदेव म्हणाला. "वाशीची ती पोरगी सांगत व्हती, शिवन खांद्याच्या हारावर बसली पायजे."

"हार तुज्या नावानं मोरलं," दिलीप बोंबील तोडत म्हणाला. "आता शिवन बसंल कुटं?"

ताटात एकच तुकडा उरला होता. जयदेवनं हात पुढं केला. दोन बोटं सरळ राहिली, ताटाला अडली आणि तुकडा निसटला. दिलीपनं तो उचलला, मधे मोडला, आणि मोठा अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.